न पाळलेल्या कुत्र्याचं वायरलेस कार्ड

फोनमधलं वायरलेस कार्ड गेलं हे कळल्यावर सीलबंदरावांनी आधी खिडकी लावून घेतली आणि मग 'अरे देवा' म्हटलं. घरातली वाईट बातमी शेजारच्या कानावर जाता कामा नये, हा त्यांचा नियम होता. बातमी नुसती फोनची असली तरी नियम तो नियम.

सीलबंदराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. परीक्षा विभागात प्रश्नपत्रिकांची पाकिटं त्यांच्या ताब्यात असत आणि त्यांच्या कारकिर्दीत एकही पेपर फुटला नव्हता. सख्खा भाचा गणितात नापास झाला, पण मामाच्या तोंडून एक आकडा बाहेर पडला नाही. कचेरीने टिंगल म्हणून ठेवलेलं हे नाव त्यांनी पदवीसारखं मिरवलं. निवृत्तीनंतर सांभाळायला पाकिटं उरली नाहीत, तेव्हा काही दिवस त्यांचे हात रिकामे रिकामे राहिले. मग एक पाकीट घरातच तयार झालं.

त्यांच्या पत्नी विसरू लागल्या. सगळी इमारत त्यांना काकू म्हणत असे. काकू आधी शेगडीवर ठेवलेलं दूध विसरल्या, मग शेजारणीचं नाव, आणि एकदा कोपऱ्यावरून घरी यायचा रस्ता. डॉक्टरांनी या विसरण्याला एक लांबलचक नाव सांगितलं. ते नाव सीलबंदरावांनी जुन्या फोनवर एकदाच, फक्त एकदाच, लिहून पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून फोनवर जाहिरातींची रीघ लागली. स्मरणशक्तीच्या गोळ्या, हाताला धरून चालवणाऱ्या नर्स, आणि एक हसरी म्हातारी, जिच्याखाली लिहिलं होतं, 'आता त्यांची काळजी आमच्यावर सोपवा.' ही जाहिरात नेमकी काकूंच्याच दृष्टीस पडली.

"अहो, ही कोण? हिला कुठे सोडताय?" त्यांनी विचारलं.

पेपर फुटला होता.

भाच्याने मग दुसरा फोन सुचवला. नापास झालेला हा भाचा पुढे संगणकात गेला आणि चांगला वर आला. गणितावाचून कोणाचं अडत नाही हे मामांनी मनातल्या मनात मान्य केलं होतं, उघड नव्हे. तर हा फोन कोणाचीही खबर कोणाला देत नसे. विटेसारखा जाड, हातात धरला तर मनगट दुखावं असा. पण त्याच्या कडेला तीन खटके होते. एक कॅमेऱ्याचा आणि माइकचा, एक वायरलेसचा, एक मोबाइल नेटवर्कचा. खटका खाली ओढला की त्या भागाची वीजच तुटायची. मग ऐकणारा कितीही हुशार असो, त्याने भिंतीला कान लावून बसावं. सीलबंदरावांना लाखेचा वास आल्यासारखं झालं. उतारवयात आपल्या विचाराचं कोणीतरी भेटलं होतं.

काकूंच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असे. घरातलं काहीही विसरलं तरी तो जुडगा त्या सोडत नसत. सीलबंदरावांनी त्यात कोटाच्या बटणाएवढा एक बिल्ला अडकवून दिला. तो बिल्ला ब्लूटूथवरून फोनशी संधान बांधून असे. काकू घरात असल्या की फोनवर 'जवळ' अशी अक्षरं दिसत, आणि जिना उतरून गेल्या की 'दूर' अशी अक्षरं येऊन फोन कर्कश शिट्टी फुंकायचा. या शिट्टीच्या भरवशावर सीलबंदराव आंघोळ करत, पेपर वाचत, दुपारी डोळा लावत. दाराला बाहेरून कुलूप लावायचा उपाय त्यांनी एकदा करून पाहिला होता. दूध घेऊन परत आले तेव्हा काकू आतून दार ठोठावत होत्या आणि अगदी शांतपणे म्हणत होत्या, "कोणी आहे का? मी चुकून दुसऱ्याच्या घरात राहिले आहे." त्यानंतर कुलूप नाही.

वायफाय आणि ब्लूटूथ ही दोन्ही कामं फोनमधलं ते एकच कार्ड करत असे, आणि तेच गेलं. तेव्हापासून सीलबंदराव तांब्याभर पाण्यात आंघोळ उरकू लागले, तीही दार उघडं ठेवून आणि दर तांब्याला "अगं, आहेस ना?" असं विचारत.

"मामा, घाबरू नका," भाचा फोनवर म्हणाला. "या फोनची खासियतच ती. कार्ड बदलता येतं. नखाएवढं असतं. एक स्क्रू, दोन बारीक वायरी. पाच मिनिटांचं काम."

'पाच मिनिटांचं काम' हा शब्दप्रयोग ज्याने काढला त्याने आयुष्यात कधी काम केलं नसावं.

मोबाइल दुरुस्तीचं दुकान बाजाराच्या टोकाला होतं. तिथला मोबाइलवाला कपाळावर भिंग बांधून बसे आणि गिऱ्हाइकाशी असा बोले, की आपण समाचाराला आलो की दुरुस्तीला, असा प्रश्न पडावा. सीलबंदरावांनी फोन पुढे केला. त्याने तो दोन्ही हातांत घेतला, उलटा केला आणि मान हलवली.

"उशीर केलात," तो म्हणाला.

"कालच बिघडलाय."

"तरी उशीरच." सीलबंदरावांना नंतर कळलं, की तो हे सगळ्यांनाच सांगतो. पण आधी ऐकताना माणूस खचतोच.

काकूही बरोबर होत्या, कारण त्यांना घरी ठेवणार कोणाजवळ? त्या स्टुलावर बसून काचेखालच्या मेलेल्या फोनांकडे पाहत राहिल्या. मोबाइलवाल्याने खणातून एका जुन्या लॅपटॉपचं कार्ड काढलं. तेही वायरलेस, हेही वायरलेस, आकारही तोच. पण कार्डाच्या सोनेरी दातांमध्ये एक खाच असते. फोनला ती एका बाजूला हवी होती आणि या कार्डाची दुसऱ्या बाजूला होती.

"कानशीने जरा घासलं तर?" सीलबंदरावांनी विचारलं.

"घासा की," मोबाइलवाला म्हणाला. "मग फोनही माझ्याकडेच ठेवून जा. खण मोठा आहे."

दुसरं कार्ड भाच्याने कुठल्याशा दुकानातून पाठवलं. खाच जुळली. कार्ड जागेवर बसलं, दोन्ही वायरी टिचकीसरशी लागल्या. सीलबंदरावांना वाटलं, सुटलो. फोन सुरू झाला आणि कार्डाला ओळखच देईना. शेजारी राहूनही तोंड न बघणारी माणसं असतात तसं ते कार्ड आतमध्ये नुसतं बसून राहिलं.

"मामा, त्या कार्डाच्या पोटात कंपनीचा एक छोटा प्रोग्राम असतो," भाच्याने सांगितलं. "तो आत काय करतो ते कंपनी कोणाला दाखवत नाही. आणि आपला फोन असा, की जो पोटातलं दाखवत नाही त्याला तो घरात घेत नाही."

"म्हणजे या फोनला गुपित चालत नाही?"

"तुमचं चालतं. पार्टचं चालत नाही."

आपल्याच बाजूचा म्हणून आणलेला माणूस असा उलटावा, याचं सीलबंदरावांना वाईट वाटलं.

तिसरं कार्ड मात्र सर्वगुणसंपन्न होतं. खाच योग्य, पोट उघडं, फोन बनवणाऱ्या मंडळींनी स्वतः पसंत केलेलं. फक्त ते परदेशातून यायचं होतं, आणि आलं ते थेट कस्टमच्या कचेरीत अडकलं. वायरलेस सामान म्हणून ते बाजूला काढून ठेवलं होतं. सीलबंदराव काकूंना बाकावर बसवून रांगेत उभे राहिले. खिडकीमागच्या अधिकाऱ्याने ती नखाएवढी वस्तू उजेडाकडे धरली.

"हे प्रक्षेपण करतं?"

"थोडंसं. जिन्यापर्यंत."

"कसलं प्रक्षेपण?"

"जवळ आहे की दूर आहे, एवढंच."

"कोण?"

मागे रांग होती, आणि रांगेला काही काम नसल्यामुळे ती कान देऊन ऐकत होती.

"वैयक्तिक आहे," ते हळू आवाजात म्हणाले.

"आजोबा, या खिडकीवर सगळंच वैयक्तिक असतं. कारण लिहिल्याशिवाय मला सोडता येत नाही. कोण जवळ, कोण दूर?"

नोकरीभर ज्याने तोंडातून चकार शब्द काढला नाही, त्याला खोटं बोलायचाही सराव नसतो. समोर येईल ते तो बोलून जातो.

"कुत्रा," सीलबंदराव म्हणाले.

अधिकाऱ्याचा चेहरा एकदम माणसासारखा झाला. "हरवतो का?"

"कधी कधी."

"म्हातारा आहे?"

"वय झालंय."

"चावतो?"

सीलबंदरावांना भलताच राग आला. "अजिबात नाही! इतका गोड स्वभाव शोधून सापडायचा नाही."

"मग कशाला काळजी करता? हरवला तरी कोणीतरी आणून देईल," असं म्हणून अधिकाऱ्याने शिक्का मारला.

सीलबंदराव वळले, तर मागे त्यांच्याच इमारतीचे सेक्रेटरी उभे. हातात आपल्या पार्सलाची चिठ्ठी. त्यांनी एकदा सीलबंदरावांकडे पाहिलं, एकदा बाकावर बसलेल्या काकूंकडे पाहिलं.

"काका," ते म्हणाले, "कुत्रा पाळलात? बोलला नाहीत ते."

संध्याकाळी सेक्रेटरी घरी आले. बरोबर शेजारच्या शिवणकामाच्या बाई होत्या, गळ्यात टेप तसाच. इमारतीच्या नियमाप्रमाणे पाळीव प्राण्याची नोंद लागते, असं सेक्रेटरी म्हणाले. हा नियम सीलबंदरावांनीच एका सभेत आग्रहाने मंजूर करून घेतला होता. आपण खणलेल्या खड्ड्यात माणूस पडतो हे ठीक. पण इथे ठराव मांडून, अनुमोदन घेऊन खणला होता.

"रंग?"

"तपकिरी."

"दिसत नाही कुठे."

"लाजाळू आहे."

"भुंकलेलाही ऐकू येत नाही."

"शिस्तीचा आहे. बिल्लाही आहे त्याला," सीलबंदराव म्हणाले आणि घाम पुसला.

"काका, मी काय म्हणते," शिवणाच्या बाई मध्येच बोलल्या, "त्याला एकटं नका ठेवत जाऊ. तुम्हाला कुठे जायचं असलं की खुशाल आमच्याकडे सोडा. मी मशीनवर असतेच. बसेल माझ्याजवळ. बटणं निवडेल..." इथे त्या थांबल्या. "म्हणजे, बसेल आपला."

"कुत्रा बटणं निवडत नाही," सीलबंदराव कडकपणे म्हणाले. अचूकपणाची सवय खोट्यातही सुटत नाही.

"नाही निवडली तर नाही. पण माणसाची सोबत तर होईल."

"आणि वॉचमनलाही सांगून ठेवतो," सेक्रेटरी म्हणाले. "तो म्हणतो, एकटा खाली आलेला दिसला तर गेटवर थांबवीन, खुर्ची देईन, गप्पा मारीन."

"कुत्र्याशी?"

"त्याला गप्पांची आवड आहे."

"रागवायचं नाही हं काका त्याच्यावर," शिवणाच्या बाई उठता उठता म्हणाल्या. "तो काय मुद्दाम करतो का?"

लोकांना कुत्र्यांचं भलतंच वेड लागलंय, असं सीलबंदरावांचं मत झालं. ज्याला कधी पाहिलं नाही त्याला खुर्ची देतात! दार लावताना त्यांना सुटल्यासारखं वाटलं. पाकीट शाबूत होतं. सील तुटलेलं नव्हतं.

या सगळ्या वेळात काकू कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून मन लावून ऐकत होत्या आणि अधूनमधून मान डोलावत होत्या. काकूंच्या लक्षात राहत नाही याची सीलबंदरावांना इतकी सवय झाली होती, की त्यांना ऐकू येतं हे ते विसरून गेले होते.

तिसरं कार्ड बसवायला दोघं पुन्हा मोबाइलवाल्याकडे गेली. "उशीर केलात," तो म्हणाला, पण कामाला लागला. खाच जुळली. वायरी लागल्या. मग तो तिळाएवढा स्क्रू चिमट्यातून उडाला आणि दुकानात कुठेतरी नाहीसा झाला. मोबाइलवाला, सीलबंदराव आणि चार्जर घ्यायला आलेलं एक अनोळखी गिऱ्हाईक गुडघ्यांवर रांगू लागले. परीक्षा विभागात ज्यांच्या येण्याने शिपाई उठून उभे राहत, ते गृहस्थ काउंटरखाली डोकं घालून धूळ चाचपत होते. वर स्टुलावरून काकू म्हणाल्या, "अहो, तुमचंही काही हरवलं का?"

स्क्रू मिळालाच नाही. शेवटी मोबाइलवाल्याने कागदाची घडी कार्डावर दाबून बसवली. त्यामुळे मागचं झाकण नीट लागेना, म्हणून त्याला रबर बँड लावला. जगातल्या कोणत्याही हेराला दाद न देणारा फोन आता भाजीच्या जुडीसारखा दिसू लागला. पण फोनने या कार्डाला ओळख दिली, आणि बिल्ल्यालाही. पडद्यावर अक्षरं आली: 'जवळ'.

घरी आल्यावर सीलबंदरावांनी फोन खुंटीशेजारच्या फळीवर ठेवला, दार लावून घेतलं आणि किती दिवसांनी कोण जाणे, बादलीभर कढत पाण्याने आंघोळ केली. बाहेर येऊन पाहिलं: 'जवळ'. खुर्चीत बसून पेपर उघडला. अग्रलेख वाचला, निधनवार्ता वाचल्या, आपल्या वयाचे किती आहेत ते पाहिलं, न कळणारं शेअर बाजाराचं पानही वाचलं. मध्येच मान वर करून पाहिलं: 'जवळ'. आतल्या खोलीत जाऊन पाहावं असं एकदाही मनात आलं नाही. यंत्र सांगत असताना डोळ्यांना कशाला तसदी द्यायची?

"अगं, चहा टाकू का?" त्यांनी हाक मारली.

उत्तर नाही.

स्वयंपाकघरात जमिनीवर एक ताटली होती आणि ताटलीत काठोकाठ दूध. ताटलीच्या शेजारी, पाहुण्याच्या पानाशेजारी चमचा ठेवावा तसा नीट, किल्ल्यांच्या जुडग्यातून काढलेला बिल्ला ठेवला होता. ज्याचा होता त्याला देऊन टाकला होता. बाहेरचं दार अर्धवट उघडं होतं.

सीलबंदराव फोन घेऊन अनवाणी धावले. पहिला जिना उतरेपर्यंत फोन गप्प होता. दुसऱ्या जिन्यावर, घरातला बिल्ला पल्ल्याबाहेर गेला आणि फोनने बोंब ठोकली. 'दूर'. ती शिट्टी सगळ्या जिन्याला ऐकू गेली. पण एकही दार उघडलं नाही, कोणी डोकावलं नाही. शिवणाच्या बाईंचं दार तर सताड उघडं होतं आणि आत मशीनखाली एक अर्धी बाही लोंबत होती. गेटवर वॉचमन नव्हता. त्याची खुर्ची रिकामी होती.

सीलबंदराव तसेच कोपऱ्यावर वळले.

अंधारून येत होतं. रस्त्याच्या कडेला उभ्या गाड्यांमधून काकू हळूहळू चालत होत्या. त्यांच्या उजव्या हाताला सेक्रेटरी, हातात टॉर्च. डाव्या हाताला शिवणाच्या बाई, गळ्यात टेप. पुढे वॉचमन प्रत्येक गाडीखाली वाकून पाहत होता आणि उठून मान हलवत होता. चौघंही आळीपाळीने हाका मारत होते. "ये रे! ये, ये!"

"या काका," सेक्रेटरी म्हणाले, जणू सभेला उशिरा आलेल्या सभासदाला जागा करून देत आहेत. "तपकिरीच म्हणालात ना?"

सीलबंदरावांना धाप लागली होती. "सेक्रेटरी... अहो, कुत्रा... तो..."

सेक्रेटरींनी टॉर्च खाली घेतला आणि त्यांना जरा बाजूला घेतलं.

"माहीत आहे, काका."

"काय माहीत आहे?"

"सगळं. तुम्ही फोन बदललात त्याच्याही आधीपासून. पहिल्यांदा काकू इथेच उभ्या होत्या, घर कुठलं ते सांगता येईना. वॉचमनने वर आणून सोडलं. तुम्हाला दुपारची झोप लागली होती. त्यानंतरही दोन-चारदा झालं."

"मला कोणी बोललं नाही!"

"तुम्ही दार-खिडक्या लावून घेत होतात. म्हटलं, सांगायचं तेव्हा सांगतील. सभेत ठरवलं होतं, तुम्ही गैरहजर होतात त्या. विषय बाहेर जाऊ द्यायचा नाही, आणि तुमच्या कानावर तर मुळीच नाही." सेक्रेटरींनी घसा साफ केला. "एवढी बिऱ्हाडं आहेत, काका. पण पेपर फुटू दिला नाही."

बटणं, खुर्ची, गप्पा, 'तो काय मुद्दाम करतो का' हे सगळं सीलबंदरावांच्या डोक्यात एकेक करून आपापल्या जागी जाऊन बसलं. ज्या पाकिटावर ते रात्रंदिवस पहारा देत होते, ते केव्हाच उघडलं गेलं होतं, वाचलं गेलं होतं, आणि परत चिकटवून त्यांच्या हातात दिलं गेलं होतं. नोकरीत असते तर त्यांनी त्याच दिवशी राजीनामा दिला असता.

काकू त्यांच्याजवळ आल्या. त्यांच्या अनवाणी पायांकडे पाहिलं आणि रागावल्या.

"अहो, असं जनावर पाळतात? कधीचा बाहेर आहे. म्हातारा आहे म्हणे, रस्ता सापडत नसेल त्याला. एकटं घाबरायला होतं हो." मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "नाव काय त्याचं? मला नुसतं ये-ये करावं लागतंय."

"नाव अजून ठेवलेलं नाही," सीलबंदराव म्हणाले.

"तुमचं सगळंच असं," काकू म्हणाल्या आणि त्यांचा हात धरला.

त्यांच्या दुसऱ्या हातातला फोन अजून ठणाणा करत होता. रबर बँड लावलेला, कागदाची घडी घातलेला, तीन कार्डं पचवलेला तो फोन जिवाच्या आकांताने ओरडून सांगत होता, की काकू दूर गेल्या, दूर गेल्या. बिल्ला घरात होता, तेव्हा त्याच्या परीने त्याचं बरोबरच होतं, खाच जुळलेली होती आणि कार्ड उत्तम चाललं होतं. सीलबंदरावांनी अंगठ्याने कडेचा वायरलेसचा खटका खाली ओढला. फोन गप्प झाला.

मग त्यांनी घसा खाकरला, इकडेतिकडे पाहिलं, आणि नोकरीभर, संसारभर जो आवाज कधी चार भिंतींबाहेर गेला नव्हता तो रस्त्यावर, चारचौघांत, मोठ्याने काढला.

"ये रे! चल, घरी चल!"

वॉचमन पुढच्या गाडीखाली वाकला. शिवणाच्या बाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि लगेच काढला. पलीकडच्या इमारतीतल्या एका गृहस्थांनी खिडकीतून विचारलं, काय हरवलंय. सेक्रेटरींनी त्यांना सांगितलं, कुत्रा. तपकिरी आहे, लाजाळू आहे, दिसला तर कळवा.

कुत्रा काही सापडला नाही. काकूंचे पाय दुखायला लागले, तेव्हा सगळे परत फिरले. उद्या जरा लवकर निघायचं आणि पलीकडच्या गल्लीपासून सुरुवात करायची असं ठरलं. टॉर्चमध्ये नवे सेल घालून आणतो, असं सेक्रेटरी म्हणाले.